इंजेक्शन चार महिने लांबलं आणि दोन मणके दबले: हाडं खाणाऱ्या पेशींना हुकूम नेमका कोण देतं?

अबोली (मंगळवार, रात्री १०:४०)

आई ६९ वर्षांची. गिरगावात चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) केला तेव्हा कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१ आला, म्हणजे हाडं चांगलीच ठिसूळ. तेव्हापासून हाडांची झीज रोखणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम, दंडाच्या कातडीखाली. त्रास काही नाही. तीन इंजेक्शनं वेळेवर झाली.

चौथं श्रावणात होतं. ती तेव्हा गावी, मालवणला. मग गणपती, मग ताप आला, मग "आता दिवाळीनंतरच बघू". मीही रेटलं नाही, खोटं कशाला बोलू. मार्गशीर्षात पलंगाखालचा पाट काढायला वाकली आणि कळ आली ती बसूच देईना. एक्स-रेत दोन मणके दबलेले.

ओपीडीत डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन चुकवलंत, रिबाउंड झालाय, थोपवलेली झीज उलट जोराने आली." पाळी कितव्या वर्षी गेली, थायरॉइडची गोळी आहे का, कधी स्टेरॉइड घेतलंय का, एवढं विचारलं आणि पुढच्या पेशंटला हाक. दोन मिनिटं.

माझा प्रश्न असा. बीपीची गोळी बंद केली तर बीपी पूर्वीएवढं होतं. इथे औषध थांबल्यावर पहिल्यापेक्षा वाईट कसं होतं? आणि सत्तरीला टेकलेल्या बाईला पाळीचं वय विचारण्याचा हाडांशी काय संबंध?

---

लोकल_प्रवासी (मंगळवार, रात्री ११:०५)

वाचून वाईट वाटलं, काळजी घ्या. सासूबाईंचंही हेच इंजेक्शन चालू आहे. सहा महिने म्हणजे "साधारण सहा-आठ महिने" असं आम्ही धरून चाललो होतो. आत्ता उठून तारीख बघतो.

---

तिळगूळ (बुधवार, सकाळी ६:३०)

इंजेक्शनांच्या नादी लागण्यापेक्षा नाचणी, तीळ, कांडवेल आणि सकाळचं कोवळं ऊन. आमच्या आजीने ९१ वर्षं काढली, एक हाड मोडलं नाही.

---

परळकर (बुधवार, सकाळी ७:१२)

अबोलीताई, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. औषध कुठलं आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण "असं का होतं" हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे. लांबण लावणार, चहा घेऊन बसा.

हाड म्हणजे चाळीचा वासा नव्हे, एकदा बसवला की शंभर वर्षं तोच. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी खणून काढला जातो आणि नव्याने भरला जातो. खणणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. कोलिकरने १८७३ मध्ये हे नाव दिलं. भरणाऱ्या त्या ऑस्टिओब्लास्ट. एका जागचं खणकाम दोन-तीन आठवड्यांत आटपतं, तीच जागा भरायला तीन-चार महिने लागतात. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तुम्ही गिरगावकर, म्हणजे पुनर्विकास तुम्हाला शिकवायला नको. जुनी इमारत पाडायला हातोडेवाले येतात, ते आपल्या मनाने येतात का? नाही. पुढे जो बांधणार आहे तोच त्यांना बोलावतो. हाडात हुबेहूब हेच चालतं. पाडकामवाल्यांना बोलावण्याची चिठ्ठी ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातल्या पेशींकडे असते, आणि हाडाच्या आत गाडून घेतलेल्या त्यांच्या भाऊबंदांकडे, म्हणजे ऑस्टिओसाइटकडे.

चिठ्ठीचं नाव रँक-लिगँड, आपण रँकल म्हणू. ती वाचतं ते रँक नावाचं ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर), ते असतं कच्च्या पेशींच्या अंगावर. या कच्च्या पेशी मुळात रक्ताच्या घराण्यातल्या, मज्जेत तयार होणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजच्या चुलत बहिणी. त्या एकेकट्या येतात. एम-सीएसएफ नावाच्या रसायनावर तगून राहतात, आणि रँकलची चिठ्ठी मिळाली की एकमेकींत विरघळून एकच मोठी पेशी होते. केंद्रकं मात्र सगळ्यांची शाबूत, पाच, दहा, वीस. ही झाली ऑस्टिओक्लास्ट. मग ती हाडाला घट्ट चिकटते, कडेने सील लावते, आत आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि कॅथेप्सिन-के नावाच्या विकराने उरलेलं प्रथिन कुरतडते.

आणि चिठ्ठी देणाऱ्यांच्याच कुळातल्या पेशी आणखी एक माल सोडतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन, ओपीजी. हा तोतया. रँकसारखाच दिसतो, चिठ्ठी मध्येच झेलतो आणि गिळून बसतो. चिठ्ठी पोहोचलीच नाही, तर पाडकामवाली टोळी तयारच होत नाही.

एखाद्या ठिकाणी किती टोळ्या जमणार हे चिठ्ठ्या किती आणि त्या झेलणारे तोतये किती, यावर ठरतं. तुमच्या डॉक्टरांनी विचारलेली पाळी, थायरॉइड, स्टेरॉइड ही त्याच हिशेबाची चौकशी होती. उरलेलं संध्याकाळी, नातवाला शाळेत सोडायचंय.

---

चाळकरी (बुधवार, सकाळी ९:४८)

मास्तर, आमच्याकडे बिल्डरने पाडलं, चिठ्ठ्या सात वर्षांपूर्वी वाटल्या, बांधकाम अजून प्लिंथवर. याला वैद्यकात काय म्हणतात?

अवांतर: ब्लास्ट म्हणजे उडवणारा ना? मग बांधणाऱ्याचं नाव ब्लास्ट कसं?

---

परळकर (बुधवार, सकाळी १०:२०)

चाळकरी, तुमच्या आजाराला ऑस्टिओपोरोसिसच म्हणतात. पाडलं जास्त, भरलं कमी.

ब्लास्टचं मूळ ग्रीक, अर्थ अंकुर किंवा कोंब. सुरुंगाशी नातं नाही. वर्गात दर वर्षी हा प्रश्न यायचा.

---

अबोली (बुधवार, दुपारी १:१५)

सर, ऑफिसात जेवताना वाचलं, डबा तसाच राहिला. पण हे कसं शोधलं असेल? बांधणारी पेशीच पाडणारीला बोलावते हे कुणाच्या डोक्यात येईल?

---

परळकर (बुधवार, सायंकाळी ६:५०)

लवकर आलं नाहीच. पॅराथॉर्मोन, म्हणजे गळ्यातल्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक, वाढलं की हाडं झिजतात हे आधीपासून माहीत होतं. साहजिक समज असा की ते थेट ऑस्टिओक्लास्टला डिवचत असणार. पण शोधायला गेलं तर त्या संप्रेरकाचे ग्राहक भलत्याच ठिकाणी, बांधणाऱ्या पेशींवर. १९८१ मध्ये रोडन आणि मार्टिन यांनी मांडलं की हुकूम बांधणाऱ्याला मिळतो आणि तो पुढे पाडणाऱ्याला सांगतो. तेव्हा हा तर्क होता, हातात निरोप्या नव्हता.

मग १९८८ मध्ये जपानमध्ये सुदा यांच्या गटाने एक देखणा प्रयोग केला. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी घेतल्या, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप घातलं. काही नाही. शेजारी बांधणाऱ्या पेशी सोडल्या, तर बहुकेंद्रकी ऑस्टिओक्लास्ट उभ्या राहिल्या. दोघींच्या मध्ये पातळ पडदा घातला, पुन्हा काही नाही. म्हणजे निरोप हवेतून जात नव्हता, अंगाला अंग लागावं लागत होतं.

ती चिठ्ठी सापडायला आणखी दहा वर्षं गेली. आधी तोतया सापडला, १९९७ मध्ये. मग १९९८ मध्ये तो काय झेलतो हे अमेरिकेत आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी उकललं. जपानी गट चक्क दूध-लोणी विकणाऱ्या कंपनीचा होता. हाडांचं मोठं रहस्य डेअरीत सुटलं, मला हे फार आवडतं.

आता पाळीचं वय. इस्ट्रोजेन हा या हिशेबातला सगळ्यात मोठा पहारेकरी. तो असताना चिठ्ठ्या कमी निघतात, तोतया ओपीजी भरपूर असतो, शिवाय तयार झालेल्या ऑस्टिओक्लास्ट लवकर मरतात. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन उतरतं आणि हे तिन्ही एकदम उलटतं. वर रोगप्रतिकारक पेशींमधून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी दाहक रसायनं वाढतात, तीही टोळ्या उभ्या करायला हातभार लावतात. फुलर ऑलब्राइटने पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं यांचा संबंध १९४१ मध्येच मांडला होता, यंत्रणा कळायला अर्धं शतक गेलं. पाळी चाळिशीत गेली की पन्नाशीनंतर, यावर हाडांनी पहाऱ्याशिवाय किती वर्षं काढली ते कळतं. म्हणून तो प्रश्न.

---

हाडवैर (बुधवार, रात्री ८:३३)

परळकर, छान लिहिताय पण "हुकूम बांधणाऱ्यालाच मिळतो" हे सरसकट बरोबर नाही. कॅल्सिटोनिन? त्याचे ग्राहक थेट ऑस्टिओक्लास्टवर असतात. ते आलं की पेशी आखडते, काम बंद करते. मध्ये कुणी दलाल नाही.

दुसरं, या पेशी एवढ्या उपद्रवी आहेत तर समूळ संपवत का नाहीत? विज्ञानाने इतकी वर्षं नुसत्या चिठ्ठ्याच अडवायच्या?

---

परळकर (बुधवार, रात्री ९:१०)

हाडवैर, नाव सार्थ केलंत. कॅल्सिटोनिनचं मान्य, तिथे मी हात आखडता घ्यायला हवा होता. थायरॉइडमधून येतं, थेट पाडणाऱ्याचा हात धरतं. सामन माशाचं कॅल्सिटोनिन नाकात मारायच्या फवाऱ्यातून वर्षानुवर्षं दिलं गेलं. पण माणसाच्या रोजच्या हाडकारभारात त्याचं वजन थोडं. ज्यांची पूर्ण थायरॉइड काढली आहे त्यांची हाडं केवळ कॅल्सिटोनिन गेलं म्हणून ढासळत नाहीत. इस्ट्रोजेनही थोडंफार थेट बोलतं, तेही जोडून ठेवतो.

समूळ संपवण्याचं मात्र बोलू नका. ऑस्टिओक्लास्ट नसल्या की काय होतं हे माहीत आहे. ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा जन्मजात आजार असतो. हाडं दगडासारखी भरीव, तरी खडूसारखी तुटतात, कारण जुनं बारीक तडे गेलेलं हाड कुणी काढतच नाही. मज्जेची पोकळी राहत नाही, रक्त कुठे तयार होणार? बाळंतिणीचंच घ्या. अंगावर पाजताना स्तनांतून पीटीएचआरपी नावाचं संप्रेरक निघतं, इस्ट्रोजेन उतरलेलं असतं, आणि या पेशी आईच्या हाडातून कॅल्शियम काढून दुधाकडे पाठवतात. दूध तोडलं की हाड बहुतांशी भरून येतं. आपण सगळे त्या उपद्रवावर वाढलोय.

---

फुलवा (बुधवार, रात्री १०:०२)

मी ४४, संधिवातासाठी तीन वर्षं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच. हाडांचं मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हे वाचून पोटात गोळा आला. बंद करू का?

---

ओपीडीतली (बुधवार, रात्री ११:४५)

मुंबईतल्याच एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. ड्यूटी आत्ता संपली, मुद्द्यांपुरतं लिहिते.

फुलवाताई, स्वतःहून एक गोळीही बंद करू नका. इतक्या वर्षांत तुमच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) झोपलेल्या असतात, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. मात्र तुमच्या डॉक्टरांकडे डेक्साचा विषय तुम्ही काढा. तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड असेल तर हाडांचा विचार व्हायलाच हवा. स्टेरॉइड दोन्ही बाजूंनी मारतं: रँकल वाढवतं, ओपीजी घटवतं, आणि भरणाऱ्या पेशीही कमी करतं. म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांतच हाड झपाट्याने जातं.

थायरॉइडची गोळी योग्य मात्रेत घेणाऱ्यांनी घाबरू नये. भीती आहे ती जास्त मात्रेची. वजन उतरावं म्हणून गोळी वाढवून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) तळाला, हाडाची उलाढाल दुप्पट वेगात.

तिळगूळ, नाचणी चांगलीच. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ती सोडा असं कुणीच म्हणत नाही. पण कॅल्शियम म्हणजे विटा. पाडणाऱ्यांना चिठ्ठ्या जातच राहिल्या तर नुसत्या विटा आणून ढीग होईल. आणि कोवळ्या उन्हाचं म्हणाल, तर ड जीवनसत्त्व बनवणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात, ऊन चढल्यावर असतात. त्यात आपले फ्लॅट, लोकल, ऑफिस. मुंबईत सूर्य डोक्यावर आणि ड तळाला, हे रोजचंच आहे.

आणि दोन मिनिटांबद्दल, अबोलीताई. तुमचा राग रास्त आहे. पण बाहेर शंभर नंबर असतात. पहिलं इंजेक्शन देतानाच "हे चुकवायचं नाही" हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं, ती चूक मात्र आमच्या बाजूची.

---

चाळकरी (गुरुवार, सकाळी ८:१५)

बायकांचंच चाललंय. पुरुषांना इस्ट्रोजेन नाही म्हणजे आम्ही सुटलो?

---

हाडवैर (गुरुवार, सकाळी ९:००)

सुटलात कसले. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन थोडं इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि हाडाला तेच लागतं. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत छापून आली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राहकच बिघडलेला. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, तरी हाडं ठिसूळ, हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या बंद झालेल्या नाहीत, उंची वाढतच चाललेली. त्या एका माणसाने कित्येक पाठ्यपुस्तकांतलं "पुरुषी-बायकी संप्रेरक" हे प्रकरण मोडीत काढलं.

एक मला परळकरांना विचारायचंय. पॅराथॉर्मोन हाड खातं म्हणता, मग टेरिपॅराटाइड हे त्याचंच तुकडा-औषध हाड वाढवायला कसं देतात?

---

परळकर (गुरुवार, सकाळी ११:३०)

परीक्षक व्हायला हवं होतं तुम्ही.

उत्तर वेळेत आहे. पॅराथॉर्मोन चोवीस तास चढलेलं राहिलं, ग्रंथीच्या गाठीमुळे म्हणा किंवा ड कमी पडल्यामुळे म्हणा, की चिठ्ठ्यांचा पाऊस आणि ओपीजी गायब. पण दिवसातून एकदा टोचलं, काही तासांत उतरलं, तर भरणाऱ्या पेशींना आधी जाग येते आणि पाडकाम मागून येतं. २० मायक्रोग्रॅम रोज, २००२ पासून अमेरिकेत मान्यता. शेजारी दिवसातून एकदा डोकावला तर घर टापटीप राहतं, मुक्कामालाच आला तर चहापावडर संपते.

ड चंही तसंच तिरपागडं आहे. त्याचं सक्रिय रूप स्वतः रँकल वाढवतं, सुदांच्या प्रयोगात तेच घातलं होतं. मग ड घेतल्याने हाड जायला हवं ना? पण ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही, रक्तातलं घटू नये म्हणून पॅराथॉर्मोन चढतं आणि हाडाच्या तिजोरीत हात घालतं. ड नसणं असण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं.

आता अबोलीताईंचा मूळ प्रश्न, इतकं फिरून.

डेनोसुमॅब म्हणजे काय? रँकलला पकडणारी प्रतिपिंडं. म्हणजे बाटलीतला तोतया. पाळीनंतर शरीरातला तोतया कमी पडला, तो आपण बाहेरून भरला. सहा महिने चिठ्ठ्या पोहोचत नाहीत, टोळ्या तयार होत नाहीत.

पण चिठ्ठ्या लिहिणारे लिहीतच असतात. कच्च्या पेशीही मज्जेत आहेतच. शिवाय २०२१ मध्ये उंदरांत दिसलं की ऑस्टिओक्लास्ट सगळ्या मरत नाहीत. काही फुटून लहान पेशींत वाटल्या जातात, त्यांना ऑस्टिओमॉर्फ नाव दिलंय, आणि त्या पुन्हा जुळून ऑस्टिओक्लास्ट होऊ शकतात. रँकल अडवलं तर अशा पेशी साठतात. म्हणजे टोळी मोडली नव्हती, नाक्यावर बसून होती.

हाडांची झीज रोखणारी दुसरी औषधं, ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड, यांतलं कुठलंही हाडालाच चिकटून वर्षानुवर्षं राहतं, बंद केलं तरी अंमल रेंगाळतो. डेनोसुमॅब हाडात काहीच ठेवत नाही. सहा महिने उलटले की ते रक्तातून जातं आणि थोपलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच आठवड्यात वाटल्यासारखं होतं. हाडाच्या झिजेची खूण, रक्तातलं सीटीएक्स, औषधाआधी होतं त्याच्याही वर उसळतं. आणि काल सकाळचा हिशेब आठवा: खणायला तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. शंभर ठिकाणी एकदम खणलं तर मधल्या काळात मणका उभा कशावर राहणार? मणक्यात जाळीदार हाड जास्त, म्हणून पहिला दणका तिथेच.

बीपीची गोळी बंद केल्यासारखं हे नाही ते यामुळे.

---

ओपीडीतली (गुरुवार, रात्री १०:५०)

परळकर सरांना दंडवत, वॉर्डातल्या मुलांना वाचायला देतेय.

व्यवहाराची भर: शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. थांबवायचंच असेल तर डॉक्टर त्याच्या जागी झोलेड्रोनिक ॲसिडसारखं दुसरं औषध देतात, नुसतं सोडत नाहीत. दाढ काढायची असेल तर दाताच्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा, पण दाढेसाठी म्हणून परस्पर इंजेक्शन पुढे ढकलू नका.

---

तिळगूळ (शुक्रवार, सकाळी ६:२५)

कोवळ्या उन्हाचं मागे घेतो. नाचणीचं नाही.

---

लोकल_प्रवासी (शुक्रवार, सकाळी ९:४०)

सासूबाईंची तारीख बघितली. सहा महिने आणि एकोणीस दिवस झालेत. उद्या सकाळी नेतोय. हा धागा नसता तर लग्नसराई आटोपूनच गेलो असतो.

---

अबोली (रविवार, रात्री ९:२०)

शनिवारी पुन्हा दाखवलं. या वेळी प्रश्न लिहून नेले होते, डॉक्टरांनी कागद बघितला आणि चक्क खुर्ची पुढे ओढली. उपाशीपोटी सीटीएक्स आणि ड साठी रक्त घेतलं, कॅल्शियम ठीक आहे बघून इंजेक्शन दिलं. पट्टा सहा आठवडे, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही. दुखणं आहे, पण काल गॅलरीपर्यंत आली आणि समोरच्या काकूंना पाडकामवाल्यांची सगळी गोष्ट सांगितली. तोतयाचं नाव तिने परस्पर बदलून "रखवालदार" केलंय.

पाळी तिची ४२ व्या वर्षीच गेली होती. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी ४० ची आहे.

नवीन कालनिर्णय आणलंय, जूनच्या पानावर लाल गोल केलाय. आईने चष्मा लावून पहिलं विचारलं, त्या दिवशी वटपौर्णिमा तर नाही ना? पाहिलं. नाहीये.